मक्याच्या बुरकुंडाचा पाइप : कवळ्या करणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

मी पाइप ओढत नाही, कोणी ओढावा असंही मला वाटत नाही, आणि तरीही हा पाइपचाच रिव्ह्यू आहे. पाइपच्या ज्या भागावरून लोकांना शंका येते तो भाग तोंडात धरायचा असतो, आणि लोकांच्या तोंडात काय बसवायचं यावर माझं घर चालतं. कोल्हापुरात माझा दातांचा दवाखाना आहे, त्यातही काम जास्त करून कवळ्यांचं. पेशंट निपाणी, कागल, गडहिंग्लज बाजूचे. म्हणजे तंबाखू पिकवणारा, मळणारा, विडीत वळणारा आणि भाजून मिश्री करून हिरड्यांना लावणारा मुलूख. तंबाखूने तोंडाचं काय होतं ते बघायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

पाइपची नळी मात्र माझ्यासाठी नवीन होती. धाकटे दीर अमेरिकेत सेंट लुईसजवळ राहतात. त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा जेवणं आटोपल्यावर त्यांनी आपला पाइप माझ्यापुढे धरला. "वहिनी, तंबाखूवर लेक्चर नको, ते मला पाठ आहे. ही नळी तेवढी बघा. प्लॅस्टिकची आहे, हिच्यातनं गरम धूर येतो, आणि मी ती दातांत धरून बसतो. हिच्यातलं काही पोटात उतरतं का?"

मी म्हटलं, "भाऊजी, फुकटचं लेक्चर नको आणि फुकटची तपासणी हवी, असं होय?" पण प्रश्न रास्त होता. दुधाच्या बाटलीचं प्लॅस्टिक, डब्याचं प्लॅस्टिक यावर आपण एवढी चर्चा करतो, आणि तासन् तास चावत बसायच्या वस्तूकडे कोणी बघत नाही.

पाइप हातात घेतला आणि पहिली गोष्ट जाणवली ती वजन. वजनच नाही! तीस ग्रॅमच्या आतबाहेर. तंबाखू भरायची वाटी मक्याच्या बुरकुंडाची. आपल्याकडे दाणे सोलले की बुरकुंड चुलीत जातं नाहीतर बांधावर कुजतं. मिसूरी राज्यात त्याचा कारखाना आहे, आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे. भाऊजींनी गाडीत घातलं आणि दाखवायलाच नेलं.

गावाचं नाव वॉशिंग्टन. राजधानीचं नव्हे, मिसूरी नदीच्या काठचं, सेंट लुईसपासून पश्चिमेला साधारण ऐंशी किलोमीटरवरचं. जर्मन वळणाचं, लाल विटांचं, शांत गाव. नदी, तिला लागून रेल्वेचे रूळ, रुळांसमोर रस्ता आणि रस्त्यावर मिसूरी मिअरशॉम कंपनीची विटांची इमारत. हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला लाकूड कातणारा कारागीर इथे होता. एका शेतकऱ्याने त्याच्याकडे बुरकुंड आणलं आणि यातून पाइप कातून दे म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. साल १८६९. टिबीने एक कातला, मग आणखी कातले, आणि लाकूडकाम मागे पडून पाइपच पुढे आले. बुरकुंड सच्छिद्र असतं, वरून खडबडीत असतं. त्यावर त्याने उपाय काढला तो प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. बुरकुंडाच्या बाहेरच्या खाचा प्लॅस्टरने भरायच्या, वाळल्यावर घासून गुळगुळीत करायच्या. १८७८ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. आम्ही जबड्याचं माप घेतो आणि त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढतो, तीच ही पांढरी पूड. त्यामुळे टिबी हा माणूस मला एकदम आमच्याच धंद्यातला वाटला.

तुर्कस्तानात मिअरशॉम नावाचा हलका, पांढरा, सच्छिद्र दगड सापडतो, त्याचे पाइप फार महाग असतात. आपला पाइप तसाच थंड धूर देतो असं टिबीचं म्हणणं, म्हणून हे नाव. १९०७ पासून कंपनीही याच नावाने चालते. १९२० च्या दशकात या एका परगण्यात बुरकुंडाचे पाइप करणारे डझनभर कारखाने होते म्हणे. आता गावात हा एकच उरलाय. (याच गावात फ्रांझ श्वार्झर नावाचा गृहस्थ झिथर नावाचं तंतुवाद्य करायचा आणि तेही नावाजलेलं होतं. एवढ्याशा गावात दोन जगप्रसिद्ध कारखाने म्हणजे कमालच.)

दुकान कारखान्याच्याच इमारतीत आहे, सोबत छोटं संग्रहालय. जुनी यंत्रं, जुने फोटो, अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरचा तोरा. दुसऱ्या महायुद्धात जपान शरण आल्यावर ३० ऑगस्ट १९४५ ला मॅकआर्थर अत्सुगीच्या विमानतळावर उतरला तो तोंडात बुरकुंडाचा पाइप घेऊन, आणि तो फोटो जगभर गेला. त्याच्या पाइपसारखा उंच वाटीचा, लांबट नमुना आजही विकायला असतो. आपल्या पिढीला मात्र बुरकुंडाचा पाइप म्हटलं की कार्टूनमधला पॉपायच आठवणार.

दुकान मला आवडलं. मांडणी साधी, वस्तू हातात घेऊन बघू देतात, घेतलीच पाहिजे असा आग्रह नाही. मी नळ्या उलटसुलट करून उजेडाकडे धरून भोकातून बघत होते, त्याचंही कोणाला नवल वाटलं नाही. लहान मुठीत मावणाऱ्या पाइपपासून लांब नळीच्या जुन्या वळणाच्या पाइपपर्यंत नमुने आहेत. साधा नमुना वीस डॉलरच्या आत मिळतो. पाइपसाठी नेहमी वापरतात त्या ब्रायर लाकडाच्या बऱ्या पाइपला याच्या कित्येक पट मोजावे लागतात.

मक्याचं एक मला फार आवडलं. आपण मका लावतो तो दाण्यासाठी. इथे बुरकुंडासाठी लावतात. जाड, लाकडासारखं टणक बुरकुंड यावं म्हणून खास संकरित वाण वापरतात, आणि त्याच्या मागे मिसूरी विद्यापीठाचं काम आहे. नवं कापणी-मळणी यंत्र बुरकुंडाचे तुकडे करून टाकतं, म्हणून कणसं तोडायला जुन्या धाटणीची यंत्रं. मग बुरकुंड वाळत पडतं, दोन-दोन वर्षं. ते वाळलं की कापायचं, मधून पोखरायचं, बाहेरून कातायचं, प्लॅस्टर, वार्निश, आणि बाजूने भोक पाडून लाकडी दांडी घुसवायची.

या लाकडी दांडीत नळी बसते. सांध्यावर बहुतेक वेळा धातूचं कडं. नळी ओढून काढता येते, आत कागदी फिल्टर सरकवायला जागा असते. वाटीचे दोन प्रकार : स्वस्त नमुन्यात बुरकुंडाचाच तळ, जरा वरच्या नमुन्यात तळाला कठीण लाकडाचा गोल तुकडा बसवलेला. घ्यायचाच तर दुसरा घ्यावा, कारण बुरकुंडाचा मधला गाभा भुसभुशीत असतो आणि निखारा शेवटी तळाशीच जातो. शिवाय लाकडी दांडीचं टोक वाटीच्या आत थोडं डोकावतं. सुरुवातीला ते टोक करपतं आणि लाकूड जळाल्याचा वास येतो. दोष नव्हे, घडणच तशी आहे. आत काजळीचा थर बसला की थांबतं. पण करपलेल्या लाकडाचा धूर हाही धूरच, हे नळीच्या प्लॅस्टिकची काळजी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता नळी.

पाइपच्या नळ्या कशाकशाच्या करत आले हे वाचायला घेतलं, तर तो निघाला कवळ्यांचा इतिहास. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक एकत्र तापवून रबर पक्कं करायची युक्ती काढली. त्याच्या भावाने, नेल्सन गुडइयरने, गंधक वाढवून लाकडासारखं कडक रबर केलं आणि १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हेच व्हल्कनाइट, हेच एबोनाइट. त्याच्या कवळ्या झाल्या आणि पाइपच्या नळ्याही झाल्या. कवळ्यांच्या पेटंटवर बसलेल्या कंपनीने तर डॉक्टरांचा असा छळ मांडला, एकेकाला कोर्टात खेचून अशी फी उकळली, की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चाल्फंट नावाच्या दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला, जोसाया बेकनला, गोळीच घातली. पाइपशी याचा काही संबंध नाही. पण आमच्या धंद्याच्या इतिहासात एवढं एकच थरारक प्रकरण आहे, ते सांगायची संधी मी सोडत नाही.

एबोनाइटची नळी आजही चांगल्या पाइपांना असते आणि दाताखाली ती फार सुखाची लागते. कडक असूनही किंचित नमती. तिचं दुखणं म्हणजे उजेड. उन्हाने पृष्ठभागावरचं गंधक बाहेर येतं, काळी नळी हिरवट-तपकिरी पडते आणि चव फुलबाजीच्या धुरासारखी लागते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला की पुन्हा काळी होते. चवीपलीकडे त्यात भिण्यासारखं मला काही दिसत नाही. एक अपवाद सांगून ठेवते. कवळीचं रबर हिरडीसारखं लाल दिसावं म्हणून त्या काळी त्यात हिंगूळ मिसळत, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. दंतवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत हे मिळेल. त्यामुळे जुन्या बाजारात एखादी लालभडक रबरी नळी कितीही देखणी दिसली तरी मी ती शोकेसमध्ये ठेवीन, तोंडात घालणार नाही.

रबरानंतर आलं सेल्युलॉइड. १८७० च्या दशकात त्याच्याही कवळ्या निघाल्या. त्यांना कापराचा वास यायचा आणि तोंडात त्या वाकड्या व्हायच्या. पाइपच्या दुनियेत सेल्युलॉइडने अंबराची, म्हणजे झाडाच्या जुन्या, दगडासारख्या झालेल्या पिवळ्या राळेची नक्कल केली, कारण रंग मधासारखा सुरेख येतो. पण हा माल भसकन पेटतो. जुन्या फिल्मची रिळं पेटायची ती याच जातीची. निखाऱ्यापासून वीतभर अंतरावर असली वस्तू ठेवणाऱ्यांच्या धाडसाला मी हात जोडते. जुना पिवळा पाइप मिळाला तर नळी बोटाने जोरात घासा आणि हुंगा. कापूर आला तर ती कपाटात.

आणि मग १९३७ च्या सुमाराला अॅक्रिलिक नावाचं कडक प्लॅस्टिक दंतवैद्यकात आलं, आणि बघता बघता कवळ्यांचं सगळं राज्य त्याने घेतलं. आज मी करते त्या बहुतेक कवळ्या याच्याच. पाइपच्या बऱ्या नळ्याही याच्याच. रंग उडत नाही, गंधकाची चव नाही, चकाकी टिकते. दाताखाली मात्र काच धरल्यासारखी कडक.

अॅक्रिलिकबद्दल कोणी विचारलं की मी मोनोमर सांगते. पूड आणि द्रव कालवून, शिजवून आम्ही कवळी करतो. नीट शिजली नाही तर तो द्रव, म्हणजे मोनोमर, थोडा आत शिल्लक राहतो आणि हळूहळू लाळेत उतरतो. काहींच्या तोंडाची आग होते, थोड्या लोकांना अॅलर्जी येते. म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०७९५-१ या मानकाने मर्यादा घातली आहे : उष्णतेने पक्व केलेल्या कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये शिल्लक मोनोमर २.२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आता बघा, कवळी अख्ख्या टाळूला चिकटून दिवसभर तोंडात असते. नळीचं बोटाच्या पेराएवढं टोक दोन दातांत आणि ओठांत असतं, तेही थोडा वेळ. कवळी चालते तर त्याच जातीच्या मालाची, नीट केलेली नळी चालायला माझी हरकत नाही.

पण बुरकुंडाच्या पाइपसोबत येते ती नळी अॅक्रिलिकच्या कांडीतून घासून काढलेली नसते. ती साच्यात दाबून ओतलेल्या साध्या प्लॅस्टिकची, काळी किंवा अंबराच्या रंगाची. कडेला साच्याची बारीक शिवण नखाला लागते. या नळीला मी दोन गोष्टी विचारल्या : रंग सुटतो का, आणि दात कितपत रुततात? भाऊजींची कोरी नळी कोमट पाण्याच्या झाकणबंद बरणीत रात्रभर ठेवली. सकाळी पाण्याला वास नव्हता. स्पिरिट लावलेला कापूस फिरवला, कापूस पांढराच. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. वरून फासलेला रंग असेल तर तो यात उघडा पडतो, एवढाच तिचा उपयोग. इथे रंग मालातच होता, वरून फासलेला नव्हता. पहिल्या प्रश्नात नळी पास.

दुसऱ्यात काठावर. हे प्लॅस्टिक अॅक्रिलिकहून मऊ आहे. पाइप हातात धरून ओढणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण दातांत धरून पेपर वाचणाऱ्याच्या दातांच्या खुणा तिच्यावर उमटतात. भाऊजींची वापरातली जुनी नळी मी भिंगाखाली धरली तर सुळ्याचा नीट ठसा! मी त्यावरून त्यांचा चावा जुळवून दाखवला असता. अशा खाचांत लाळ, डांबर आणि बुरशी घर करते. कवळीवर ओरखडे पडले की तिथे कँडिडा नावाची बुरशी साठते आणि टाळू लाल होतो, तोच प्रकार. म्हणून चावून खाच पडलेली नळी वापरू नये. सुदैवाने ती फेकून नवी लावता येते आणि या पाइपचं मोठेपण यातच आहे : कुठलाच भाग जीव लावून जपावा असा नाही.

आता दुसरा पाइप, कारण सगळे बुरकुंडवाले सारखे नसतात. पुण्याच्या एका नातेवाइकाने ऑनलाइन बाजारातून बुरकुंडाचाच म्हणून स्वस्तातला एक संच मागवला होता, पाकिटावर कारखान्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. ती नळीही मी तशीच बरणीत ठेवली. सकाळी झाकण उघडलं तर नव्या रेक्झिनच्या सीटसारखा भपका. कापूस फिरवला तर काळा. नळी आतून राखाडी होती आणि वरून काळा रंग मारलेला. रंगात काय होतं ते कापसावरून कळत नाही, पण जो रंग स्पिरिटने सुटतो तो लाळेनेही आज ना उद्या सुटणारच. ती नळी मी सरळ मोडून टाकली. त्यांनी पैसे वाया गेले म्हणून तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. नळीची भीती बाळगायचीच तर अशा निनावी, रंग फासलेल्या नळीची बाळगा. बरण्या दोन आणि कापूस थोडा, एवढ्यात निवाडा होतो.

भाऊजींच्या प्रश्नातला गरम धुराचा भाग राहिला. अॅक्रिलिक मऊ पडायला लागतं ते साधारण १०५ अंशाला. वाटीतला निखारा त्याहून कितीतरी गरम, पण धूर लाकडी दांडी आणि लांब नळी पार करून तोंडाशी येईपर्यंत निवतो. आणि तो खरोखर तेवढा गरम आला तर नळी वितळायच्या आधी तुम्ही बोंब मारून पाइप फेकाल. तेव्हा तोंडाशी नळी वितळून पोटात जाते, ही भीती काढून टाका.

पण त्याच नळीच्या भोकातून जे येतं त्याचं काय? भाऊजींनी लेक्चर नको सांगितलं होतं, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसवलं आणि आ करायला लावलं. मोबाइलचा टॉर्च टाळूवर मारला. टाळू पांढुरका पडलेला, आणि त्यावर लाल ठिपके. हे ठिपके म्हणजे टाळूतल्या लाळेच्या बारीक ग्रंथींची सुजलेली तोंडं. निकोटिनिक स्टोमॅटायटिस म्हणतात याला, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना चित्र दाखवतात ते बहुतेक पाइपवाल्याचंच, कारण पाइपचा गरम धूर सरळ टाळूवर आदळतो. ओढणं सोडलं की टाळू साधारणपणे पूर्ववत होतो. आरशात दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे नळी चांगली आहे, टाळू वाईट आहे." म्हटलं, बरोबर ऐकलंत.

मी धूर आत घेत नाही, असं सगळे पाइपवाले सांगतात. पाइपच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन छातीत न घेताही गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. पाइपवाल्याला कश छातीत ओढायची गरज वाटत नाही ती याचमुळे. त्यात तोंडाचा बचाव कुठे आला?

आणि दोष नळीच्या मालाचा म्हणावा, तर हे दुखणं प्लॅस्टिकहून जुनं आहे. १७९५ मध्ये साम्युएल टोमास फॉन झ्योमरिंग या जर्मन वैद्याने लिहून ठेवलं की पाइप ओढणाऱ्यांत खालच्या ओठाचा कॅन्सर जास्त दिसतो. तेव्हा प्लॅस्टिक कुठे होतं? एबोनाइटही नव्हतं. पाइप बहुतेक पांढऱ्या मातीचे, भाजलेले, म्हणजे लाळेत काही सोडायचा प्रश्नच नाही असे. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या प्रसिद्ध अहवालात, ज्यात सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध जाहीर झाला, त्यातच पाइप आणि ओठाच्या कॅन्सरचा कार्यकारण संबंध सिद्ध झाल्यासारखा आहे असं म्हटलंय. नळ्या बदलत गेल्या, तंबाखू तीच राहिली. कागदी फिल्टरनेही माझं मत बदलत नाही. तो ओल आणि थोडं डांबर धरतो, तोंड जरा कमी कडवट होतं, इतकंच.

साफसफाईबद्दल मात्र मला पाइपवाल्यांशी भांडायचं आहे. रम, व्हिस्की नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सगळा पाइप धुवायची त्यांची पद्धत आहे. लाकडी दांडीला ठीक. अॅक्रिलिकला अल्कोहोल लावलं की त्यात केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. एका काकांनी कवळी रोज रात्री ब्रँडीत ठेवली होती, निर्जंतुक राहावी म्हणून. तो हेतू साधला असावा, कवळी मात्र जाळीदार झाली. तर नळीला कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा थेंब आणि पाइप क्लीनरची काडी पुरे. उकळतं पाणी अजिबात नको. नळीला दिलेला बाक उष्णतेने दिलेला असतो, तो उकळत्या पाण्यात सरळ व्हायला लागतो. कवळी उकळून वाकडी करून आणणारे मला नवीन नाहीत. बुरकुंडाची वाटी तर पाण्याखाली धरूच नका, फुगते. नळी काढायची ती पाइप पूर्ण निवल्यावर, फिरवत फिरवत. गरम असताना ओढली की सांधा ढिला होतो.

ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण हे कोणी सांगत नाही. पाइप समोरच्या दातांत धरला की त्याचं वजन तरफेसारखं काम करतं आणि वरची कवळी मागून सुटते. जड ब्रायर पाइपवर हा त्रास जास्त. बुरकुंडाचा पाइप हलका असल्याने कमी, आणि माझ्या लेखी या पाइपचा हाच सगळ्यात मोठा गुण आहे. तरी हातातच धरावा. नळीच्या टोकावर चढवायच्या रबरी टोप्या मिळतात, त्याने दात घसरत नाहीत आणि नळी चावली जात नाही. टोपी स्वस्त असते, काळी पडायच्या आत बदला. ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांनी जागा बदलत धरावा. रोज त्याच दोन दातांत धरला तर तिथे कायमची खाच पडते. भाऊजींच्या डाव्या सुळ्याला आणि मागच्या उपदाढेला ती पडायला लागलीच आहे.

गुण द्यायचे तर वस्तू म्हणून बुरकुंडाच्या पाइपला दहापैकी आठ देईन. शेतातल्या टाकाऊ मालातून इतकी हलकी, दुरुस्त करता येणारी, स्वस्त वस्तू आणि तीही दीडशे वर्षं एकाच गावात, हे कौतुकाचंच. सोबतच्या नळीला सहा. निर्धोक वाटते, पण मऊ. त्याच दांडीत बसणारी अॅक्रिलिकची नळी वेगळी घेतली तर नळीचे आठ. दुकान आणि संग्रहालयाला नऊ, आणि तंबाखू न ओढणाऱ्यानेही वाकडी वाट करून जावं असं ते ठिकाण आहे. आत काय भरायचं त्याला गुण देण्याचं काम माझं नाही, ते पॅथॉलॉजीवाले देतात.

भाऊजींनी अॅक्रिलिकची नळी मागवली आहे, काळी, सरळ. पाइपपेक्षा नळी महाग म्हणून कुरकुर केली. पुतणीला मी सांगून आलेय की टाळूची तपासणी तिथल्या डेंटिस्टकडे करून घ्यायची, आणि मला व्हॉट्सअॅपवर नळीचे फोटो नकोत, टाळूचे पाठवा.